छतातल्या अँटेनाचा मालक कोण?

घोडबंदर रोडवरचा मॉल असो, वागळे इस्टेटमधलं ऑफिस असो की ऐरोलीतला आयटी पार्क, मान वर करून छताकडे पाहिलं की स्प्रिंकलरच्या रांगेत मधेच तळहाताएवढी एक पांढरी गोल डबी दिसते. बहुतेकांना ती धुराचा सेन्सर वाटते. खरं तर तो मोबाइलचा अँटेना असतो. तळघरातल्या किंवा गच्चीखालच्या एखाद्या खोलीत मोबाइल कंपनीचं यंत्र बसवलेलं असतं. तिथून बोटाएवढी जाड कोॲक्स केबल शाफ्टमधून, म्हणजे इमारतीतल्या उभ्या पोकळीतून, मजल्यामजल्यावर जाते, वाटेतले स्प्लिटर आणि कपलर सिग्नलची वाटणी करतात आणि शेवटी तो या डबीतून आपल्या फोनपर्यंत पोचतो. या सगळ्या जाळ्याला या कामातली माणसं आयबीएस, म्हणजे इन-बिल्डिंग सोल्युशन, म्हणतात. ठाणे आणि नवी मुंबईतल्या जुन्या मॉलांत, रुग्णालयांत आणि कार्यालयांत ही जाळी २जी-३जीच्या काळात, फार तर ४जीच्या सुरुवातीला पडली आहेत.

५जी सेवा भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर ती आता सरावाची झाली आहे. माजिवड्याच्या चौकात मोठा व्हिडिओ बघता बघता उतरतो, आणि तिथून जवळच्याच एखाद्या टॉवरच्या दुसऱ्या तळघरात गाडी लावली की साधा फोनही लागत नाही. त्यामुळे जुनी आयबीएस अपग्रेड करा, असा आग्रह सगळीकडून होऊ लागला आहे. अपग्रेड हवंच. पण ते कोणी करायचं, कोणासाठी करायचं आणि झाल्यावर ते कोणाचं राहील, हे आधी ठरलं नाही तर पुढच्या पिढीचं नेटवर्क येईल तेव्हा आपण त्याच खोलीत, त्याच भांडणात उभे असू. माझं मत असं आहे की इमारतीतलं मोबाइलचं जाळं पाण्याच्या पाइपलाइनसारखं इमारतीच्या मालकीचं, सगळ्या कंपन्यांना खुलं आणि नियमित तपासलं जाणारं असलं पाहिजे.

आधी इमारतींकडे पाहू, कारण दोष एकट्या नेटवर्कचा नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत कोलशेत, मानपाडा, कासारवडवली, खारघर, उलवे या पट्ट्यात जे टॉवर उभे राहिले, त्यातले पुष्कळ ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेले आहेत. बिल्डर त्याला माइव्हन म्हणतात. या पद्धतीत आतल्या भिंतीही विटांच्या नसून सलग काँक्रीटच्या आणि सळ्यांच्या असतात. बांधकाम झपाट्याने होतं, गळती कमी होते आणि रेडिओलहरींची वाट अडते. कार्यालयांची गोष्ट काचेची. उन्हाची तलखी आत येऊ नये म्हणून काचेवर धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. ही काच उष्णतेबरोबर मोबाइलचा सिग्नलही अडवते, आणि २० ते ३० डेसिबलची घट ही तिच्या बाबतीत सामान्य गोष्ट आहे. म्हणजे बाहेर जेवढा सिग्नल आहे त्याचा शंभरावा ते हजारावा हिस्सा आत येतो. विजेची बचत करणारी चांगली इमारत बांधली की ती आपोआप नेटवर्कला बंद होते. अशा इमारतीत बाहेरच्या टॉवरने आत रेंज द्यावी ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. आतून सोय करावीच लागते.

आता जुन्या जाळ्याचं काय होतं ते पाहू. लोक 'यंत्र बदला, ५जीचं लावा' म्हणतात आणि काही ठेकेदारही तसंच सांगतात, म्हणून हे जरा खोलात जाऊन सांगतो.

जुन्या अँटेनाच्या आणि स्प्लिटरच्या पाठीवरचं लेबल वाचावं. पुष्कळांवर '८०० ते २५०० मेगाहर्ट्झ' असं लिहिलेलं असतं, काहींवर '६९८ ते २७००'. भारतात ५जीसाठी फ्रिक्वेन्सीचे जे मुख्य पट्टे विकले गेले त्यात ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढचा पट्टा आहे आणि जिओने ७०० मेगाहर्ट्झचाही घेतला आहे. ८०० ते २५०० वाला अँटेना म्हणजे दोन्ही टोकांना कमी पडणारा: ७००चा पट्टा त्याच्या खाली राहिला, ३३००चा वर गेला. तळघरातल्या यंत्राच्या खोलीत कितीही नवीन यंत्र आणून ठेवलं तरी त्याचा सिग्नल या डबीतून नीट बाहेर पडणार नाही. वाटेतला प्रत्येक स्प्लिटर आणि कपलर त्या पट्ट्यासाठी बनलेला नसेल, तर गळती तिथेही होते.

मग केबल. अर्ध्या इंचाच्या कोॲक्स केबलमध्ये शंभर मीटरच्या प्रवासात ९०० मेगाहर्ट्झचा सिग्नल साधारण ७ डेसिबल गमावतो, म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा उरतो. ३५०० मेगाहर्ट्झला त्याच केबलमध्ये साधारण १४ डेसिबल जातात, उरतो पंचविसावा हिस्सा. तीस मजल्यांच्या टॉवरमध्ये शंभर मीटर काही फार नाहीत, नुसती उभी केबलच तेवढी होते. शिवाय अँटेनातून बाहेर पडल्यावर हवेतही उंच फ्रिक्वेन्सीचा सिग्नल त्याच अंतरावर अधिक क्षीण होऊन पोचतो; ९०० आणि ३५०० यांच्यातला हा फरक आणखी बारा डेसिबलच्या आसपास पडतो. २जीसाठी वीस मीटरवर एक अँटेना पुरत होता म्हणून ५जीलाही तो पुरेल, हा हिशेब इथेच फसतो.

तिसरी अडचण वेगळ्या जातीची आहे. ४जीपासून फोन एकाच वेळी दोन स्वतंत्र प्रवाहांतून डेटा घेऊ शकतो, ५जीमध्ये चार प्रवाह सर्रास असतात. ५जीच्या वेगाचा मोठा भाग यातून येतो. त्यासाठी प्रत्येक प्रवाहाला स्वतःची वाट लागते, आणि जुन्या इमारतीत वाट एकच आहे: एक केबल, एका जागी एक अँटेना. रस्त्यावरच्या टॉवरवर ५जीची जी चपटी पेटी दिसते ती आणून इथे जोडता येत नाही, कारण तिच्यात रेडिओ आणि अँटेना एकत्र बसवलेले असतात आणि अशी कोॲक्स केबल जोडायला तिला तोंडच नसतं. इमारतीसाठी वेगळा रेडिओ लागतो.

एवढं सगळं ऐकल्यावर 'मग जुनं सगळं उपटून टाका' असं म्हणावंसं वाटतं. मी तसं म्हणणार नाही. ५जी फक्त ३३००च्या पट्ट्यावरच चालतं असं नाही. १८००, २१००, २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांवरही ते चालवता येतं आणि हे पट्टे जुन्या जाळ्याच्या आवाक्यात आहेत. वेग कमी मिळेल, कारण तिथे कंपन्यांकडे जागा अरुंद आहे. ३३००मध्ये जिओ आणि एअरटेल यांच्याकडे प्रत्येकी १०० मेगाहर्ट्झचा सलग पट्टा आहे, तसा तिथे नाही. पण तळघरात, जिन्यात, रुग्णालयाच्या तपासणी विभागात माणसाला सिनेमा उतरवायचा नसतो. त्याला फोन लागायला हवा, ओटीपी यायला हवा, यूपीआयने पैसे जायला हवेत. तेवढं काम ही जुनी केबल करू शकते, जर ती धड असेल तर.

ती धड आहे का हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि नेमकं हेच कोणी करत नाही. ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही काठांवर हवा खारी आणि दमट, त्यात चार महिन्यांचा पाऊस. तळघरातल्या कनेक्टरवर हिरवट थर चढलेला असतो. कुणी सीलिंगचं काम करताना केबल वाकवलेली असते, कुणी एसीवाल्याने जोड सैल केलेला असतो. अशा गंजक्या किंवा सैल जोडातून दोन जोरदार सिग्नल एकत्र गेले की त्यांच्या मिश्रणातून तिसरीच फ्रिक्वेन्सी जन्माला येते आणि फोनकडून येणाऱ्या नाजूक सिग्नलवर नेमकी जाऊन बसते. मग फोनवर रेंजच्या चार काड्या दिसतात आणि तरी बोलणं तुटतं. जुन्या जाळ्यावर नवे पट्टे चढवायचे म्हणजे अशा मिश्रणांची शक्यता वाढवायची. म्हणून आधी केबलची तपासणी, मग प्रत्येक मजल्यावर हातात यंत्र घेऊन वॉक टेस्ट, आणि त्यानंतरच खरेदी, असा क्रम असायला हवा. प्रत्यक्षात आधी कोटेशन येतं.

मोजणीनंतर इमारतीगणिक वेगळं उत्तर निघेल. मोठा मॉल, रुग्णालय, आयटी पार्क यांनी मजल्यापर्यंत फायबर न्यावं आणि तिथून छतातल्या छोट्या रेडिओ युनिटपर्यंत नेटवर्कची केबल. याच केबलमधून वीजही जाते, चारही प्रवाह मिळतात आणि लांब कोॲक्सचा तोटा टळतो. ही पद्धत महाग आहे आणि बरेचदा एका कंपनीसाठीच आखलेली असते, म्हणून ती घेताना सगळ्या कंपन्यांना चालणारं युनिट मागितलं पाहिजे. मधल्या आकाराच्या इमारतीत काही ठिकाणी प्रवाहाची फ्रिक्वेन्सी खाली उतरवून जुन्याच केबलमधून पाठवायची आणि अँटेनापाशी पुन्हा वर आणायची, अशी यंत्रं उपयोगी पडतात. राहत्या टॉवरमध्ये वरच्या मजल्यांवर खिडकीतून पुरेसा सिग्नल येत असेल, तर तिथे काहीच करू नये. सगळा पैसा तळघर, लिफ्ट आणि जिना यांच्यावर घालावा.

हा क्रम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ५जीचा विषय निघाला की बोलणं वेगावर जातं. पण इमारतीच्या आत नेटवर्क नसण्याची किंमत कोण मोजतं ते पाहा. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाय-फाय आहे, त्यावरून फोनही करता येतो; एअरटेलने डिसेंबर २०१९मध्ये आणि जिओने जानेवारी २०२०मध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू केलं तेव्हापासून फ्लॅटमालकाची अडचण बरीचशी मिटली आहे. 'आता आयबीएस हवीच कशाला?' असं सोसायटीच्या सभांमध्ये विचारलं जातं ते त्यामुळेच. पण तळघरात बारा तास बसणाऱ्या सुरक्षारक्षकाकडे तुमच्या वाय-फायचा पासवर्ड नाही. चार घरी काम करणाऱ्या मावशींकडे नाही, लिफ्टमध्ये पार्सल घेऊन उभ्या असलेल्या मुलाकडे नाही, रात्री रुग्णाला घ्यायला आलेल्या ॲम्ब्युलन्सच्या चालकाकडे नाही. मावशींच्या मुलाच्या शाळेतून फोन आला तर त्या ज्या घरात आहेत त्या घराच्या भिंतींवर सगळं अवलंबून. वाय-फाय कॉलिंग हा ज्याचं घर आहे त्याचा उपाय आहे. इमारतीत काम करायला येणाऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही, आणि वीज गेली, राउटर बंद पडला, की घरमालकालाही नाही.

आणि आग. महाराष्ट्रात २००६च्या अग्निप्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा सोसायटीने दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचं 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यायचं असतं. पंप, हायड्रंट, अलार्म सगळं त्यात येतं. धुराने भरलेल्या जिन्यात किंवा रेफ्यूज मजल्यावर (आगीच्या वेळी आसऱ्यासाठी राखलेल्या मजल्यावर) अडकलेला माणूस मात्र ११२ला फोन लावायला खिशातला मोबाइलच काढतो. अमेरिकेत अनेक शहरांच्या अग्निसंहितेत मोठ्या इमारतींच्या आत बचाव पथकाच्या रेडिओला रेंज मिळालीच पाहिजे अशी अट आहे, ती मोजून दाखवावी लागते आणि त्या यंत्रणेला बॅटरीचा आधार लागतो. आपणही निदान जिना, रेफ्यूज मजला आणि तळघर इथे फोन लागतो की नाही हे त्याच सहामाही तपासणीत जोडायला हवं. त्यासाठी एका माणसाला चार सिमकार्डं घेऊन तासभर फिरावं लागेल, इतकंच.

फोन लागत नाही म्हणून काही जण बाजारातून किंवा ऑनलाइन बूस्टर आणून लावतात. परवान्याशिवाय असं यंत्र लावणं बेकायदा आहे आणि त्याचा त्रास शेजाऱ्यांना होतो. स्वस्त बूस्टर चांगल्या सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो, आणि तो जवळच्या टॉवरला ऐकू जाऊन आसपासच्या शेकडो फोनचं बोलणं बिघडू शकतं. एका दुकानदाराने स्वतःची सोय म्हणून लावलेली पेटी सगळ्या गल्लीला बाधते. तरीही मी दुकानदारावर फार रागावणार नाही. अधिकृत मार्गाने कोणाकडे तक्रार करायची हेच त्याला सांगणारं कोणी नसतं. कंपनी म्हणते इमारत परवानगी देत नाही, इमारत म्हणते कंपनी येत नाही.

परवानगीच्या आड बरेचदा किरणोत्साराची भीती असते, आणि ती बाळगणारे लोक मूर्ख नाहीत. गच्चीवर टॉवर, खाली लहान मुलं, हे चित्र कुणालाही अस्वस्थ करणारच. पण इथे नेमकं उलटं घडतं हे त्यांना शांतपणे सांगायला हवं. छतातला अँटेना साधारण दहा ते तीस मिलिवॉट ताकदीने काम करतो. आपला फोन गरज पडल्यास दोनशे मिलिवॉटपर्यंत जाऊ शकतो, आणि तो कानाला चिकटलेला असतो. फोन किती जोर लावायचा हे समोरचा अँटेना किती दूर आहे त्यावर ठरवतो. अँटेना दहा मीटरवर असेल तर फोन कुजबुजतो, बाहेरचा टॉवर तीन भिंतींपलीकडे असेल तर ओरडतो. डोक्याजवळचा किरणोत्सार कमी करायचा असेल तर आतला छोटा अँटेना त्याला मदतच करतो. टॉवरच्या किरणोत्साराची मर्यादा भारताने १ सप्टेंबर २०१२पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांशावर आणली, आणि इमारतीतला अँटेना त्याच्याही पुष्कळ खाली असतो. ज्यांना शंका आहे त्यांच्यासमोर मीटर लावून मोजून दाखवावं. सभेत भाषण करण्यापेक्षा याचा परिणाम चांगला होतो.

आता मालकी आणि पैसा. खरी गाठ इथे आहे.

मुंबईच्या दूरसंचार सर्कलमध्ये, ज्यात ठाणे आणि नवी मुंबईही येतात, एकेकाळी दहाएक मोबाइल कंपन्या होत्या. लूप मोबाइल २०१४मध्ये थांबली, एअरसेल २०१८मध्ये दिवाळखोरीत गेली, त्याच वर्षी व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, टाटांची मोबाइल सेवा २०१९मध्ये एअरटेलमध्ये गेली. कंपन्या गेल्या, शाफ्टमधल्या केबल राहिल्या. आयबीएसच्या कामानिमित्त मी ज्या जुन्या इमारतींचे शाफ्ट उघडलेले पाहिले आहेत, त्यात चालू केबल कुठली आणि मेलेली कुठली हे सांगू शकणारा माणूस इमारतीत नसतो. नकाशा नाही. करार बिल्डरने केला होता, त्याची प्रत सोसायटीकडे आलेली नाही. मेलेल्या केबलचं प्लास्टिक आगीत धूर वाढवतं, मजल्यामजल्यावरची भोकं सील केलेली नसतात, आणि त्यातून धूर वर चढतो. नवी केबल टाकायला जागा उरत नाही म्हणून पुन्हा नवीन भोक. अपग्रेडची पहिली पायरी म्हणून हे मेलेलं सामान बाहेर काढण्याची सक्ती केली तरी पुष्कळ इमारती सुरक्षित होतील. नवी केबल कमी धूर करणाऱ्या, हॅलोजन नसलेल्या आवरणाची असावी, हेही त्याच वेळी.

दुसरा रोग मक्तेदारीचा. बिल्डर किंवा मॉलचा मालक एका कंपनीशी किंवा एका ठेकेदाराशी करार करतो आणि बाकीच्यांना दार बंद होतं. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने जानेवारी २०१७मध्येच इमारतीतल्या प्रवेशाबद्दल शिफारशी करून कुणा एकाची मक्तेदारी नको असं सांगितलं होतं. केंद्राने २०२२मध्ये आदर्श इमारत नियमावलीत इमारतींतल्या सामाईक दूरसंचार सोयींची भर घातली. दूरसंचार कायदा २०२३ सार्वजनिक मालमत्तेवर परवानगी देताना भेदभाव करू नका आणि शक्य तोवर एकालाच हक्क देऊ नका असं सांगतो. त्याखालचे मार्गहक्काचे नियम १ जानेवारी २०२५पासून लागू आहेत. खासगी इमारतींचं मात्र मुख्यतः मालकाशी होणाऱ्या करारावर सोपवलं आहे, आणि आपण राहतो ते खासगी इमारतींत.

सार्वजनिक ठिकाणीही कागद पुरेसा पडत नाही. मुंबईच्या मेट्रो ३चा आरे ते बीकेसी हा टप्पा ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाल्यानंतर भुयारात नेटवर्क कोणी, कोणत्या अटीवर टाकायचं यावर मेट्रो कॉर्पोरेशन आणि मोबाइल कंपन्या यांच्यात जाहीर वाद झाला आणि प्रवासी रेंजशिवाय प्रवास करत राहिले. डिसेंबर २०२५मध्ये नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली, तिथेही आतल्या नेटवर्कच्या शुल्कावरून तसाच वाद निघाला. कोण बरोबर हा इथे माझा मुद्दा नाही. हजारो कोटींच्या, कोऱ्या पाटीवर आखलेल्या प्रकल्पात जर आतल्या जाळ्याची मालकी आणि शुल्क उद्घाटनाच्या दिवसापर्यंत ठरत नसेल, तर नौपाड्यातल्या एका जुन्या रुग्णालयाने काय करायचं?

माझी विभागणी अशी आहे. खोली, शाफ्ट, केबलचे ट्रे, फायबर, वीज, अर्थिंग आणि अँटेना हे इमारतीचं. रेडिओ यंत्र आणि परवाना कंपनीचा. नव्या इमारतीत इमारतीचा वाटा बिल्डर उचलेल आणि सोसायटीला हस्तांतर करताना नकाशासह देईल. जुन्या इमारतीत सोसायटीने भाड्याचा मोह सोडावा. गच्चीवरच्या टॉवरचं भाडं मिळतं म्हणून तळघरातल्या छोट्या अँटेनालाही भाडं मागण्याची सवय लागली आहे. पण टॉवर हा कंपनीचा धंदा आहे, तळघरातली रेंज ही आपली गरज. सगळ्या कंपन्यांना चालणारं जाळं टाकायला एखादा सामाईक ठेकेदार येत असेल, तर सोसायटीने भाडं न मागता आणि वीज मोजून देऊन त्याला यावंसं वाटेल असं करावं, फक्त करार ठरावीक मुदतीचा हवा आणि मुदत संपल्यावर जाळं सोसायटीचं व्हायला हवं.

'बाजारावर सोडा, जिथे गिऱ्हाईक आहे तिथे कंपन्या स्वतः येतील' हा युक्तिवाद मॉल आणि आयटी पार्कपुरता खरा आहे. महापे-ऐरोलीच्या कार्यालयांत कंपन्या येतातच, कारण तिथे महागडे ग्राहक दिवसभर बसलेले असतात. वागळे इस्टेटला लागून किसननगरच्या क्लस्टर योजनेचं, म्हणजे सगळ्या वस्तीच्या एकत्रित पुनर्विकासाचं, भूमिपूजन जून २०२३मध्ये झालं. आज बैठ्या घरांत आणि चार मजली इमारतींत राहणारी माणसं उद्या उंच टॉवरमध्ये जातील, जाड काँक्रीटच्या भिंतींआड, दाटीने. आज गल्लीत उभं राहिलं की फोन लागतो. उद्या पंधराव्या मजल्याच्या बंद पॅसेजमध्ये, लिफ्टमध्ये तो लागेल याची हमी कोणी घेतलेली नाही, आणि स्वस्त रिचार्ज करणाऱ्या या कुटुंबांसाठी कंपनी स्वखर्चाने आयबीएस टाकेल असं मला वाटत नाही. पुनर्वसनाच्या इमारतीत लिफ्ट द्यावीच लागते, अग्निशमन यंत्रणा द्यावीच लागते, तशी ही सोयही सक्तीची असल्याखेरीज ती तिथे येणार नाही.

ट्रायने ऑक्टोबर २०२४मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी तारांकन देण्याचे नियम काढले. कल्पना चांगली आहे: मोजणी होईल, तारे मिळतील, घर घेणाऱ्याला कळेल. पण मालकाने स्वतःहून संस्थेकडे जाऊन तपासून घ्यायचं ही त्याची रीत आहे, आणि ज्याची इमारत वाईट आहे तो कशाला जाईल? महागडे प्रकल्प जाहिरातीत पाच तारे छापतील, तळघरात रेंज नसलेलं रुग्णालय गप्प बसेल. म्हणून सक्ती स्थानिक पातळीवर हवी. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिका २०२०च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीखाली बांधकाम परवानग्या देतात. राज्याने भोगवटा प्रमाणपत्रासाठी एक अट घालावी: ठरावीक उंचीच्या वरच्या प्रत्येक इमारतीत आणि प्रत्येक रुग्णालयात, तळघर, लिफ्ट, जिना आणि रेफ्यूज मजल्यावर सगळ्या कंपन्यांच्या रेंजचा वॉक टेस्ट अहवाल जोडा. शाफ्ट दिला, ट्रे लावला, असं कागदावर लिहिणं पुरणार नाही, कारण रिकामा ट्रे कुणाचा फोन लावून देत नाही. घरांच्या किमतीत याने फार मोठी भर पडेल असा आक्षेप येईल. बांधकाम चालू असताना शाफ्ट मोठा ठेवणं आणि पाइप टाकून ठेवणं हा फार किरकोळ खर्च आहे. तोच खर्च लोक राहायला आल्यावर, मार्बल आणि सीलिंग फोडून करायचा तर कित्येक पट होतो आणि मग तो कुणीच करत नाही.

वाशीतल्या सिडकोच्या जेएन-१, जेएन-२ प्रकारच्या इमारतींपासून ठाण्यातल्या नौपाडा-पाचपाखाडीपर्यंत पुनर्विकासाचे करार सध्या सह्यांच्या टेबलावर आहेत. नियम यायचा तेव्हा येईल. तोवर ज्या सोसायट्यांची बोलणी चालू आहेत त्यांनी चटईक्षेत्र आणि कॉर्पस निधीइतक्याच आग्रहाने विकासकाबरोबरच्या करारात काही गोष्टी लिहून घ्याव्यात. मोबाइलच्या केबलसाठी वेगळा शाफ्ट, दोन जादा केबल बसतील इतका रुंद. तळघरातल्या खोलीला जनरेटरची वीज आणि पूर येणार नाही अशी जागा. अँटेना आणि स्प्लिटर ६९८पासून निदान ३८०० मेगाहर्ट्झपर्यंत चालणारे, आणि जिथे अँटेना तिथे दोन केबल. कोणत्याही एका कंपनीशी किंवा ठेकेदाराशी एकाधिकाराचा करार विकासकाने सोसायटीच्या लेखी संमतीशिवाय करू नये. आणि ताबा देण्याआधी सोसायटीने नेमलेल्या माणसाने प्रत्येक कंपनीचं सिम घेऊन सर्वांत खालच्या तळघरातून, चालत्या लिफ्टमधून आणि जिन्याच्या प्रत्येक मजल्यावरून फोन लावून पाहावा; जिथे लागणार नाही तिथलं काम पुरं होईपर्यंत विकासकाची शेवटची रक्कम किंवा बँक गॅरंटी रोखून धरण्याचा हक्क सोसायटीकडे असावा.